जकातीने विष अडत नाही
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी फेंटानिल या कृत्रिम अमली पदार्थाच्या तस्करीचे कारण पुढे करून चिनी मालावर १० टक्के जादा जकात बसवली. मार्चमध्ये ती २० टक्क्यांवर नेली आणि कॅनडा व मेक्सिकोच्या मालावर २५ टक्के लादली. जकात हा या विषावरचा उतारा आहे काय, हा आजचा प्रश्न आहे.

विष खरे आहे, याबद्दल दुमत नको. २०२३ साली अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने सुमारे १,०५,००० माणसे दगावली. फेंटानिल बनवण्याची रसायने मुख्यतः चीनमधून मेक्सिकोतील टोळ्यांकडे जातात, हेही नाकारण्याचे कारण नाही.

परंतु जकात बसते ती उघडपणे बंदरात उतरणाऱ्या, नोंद झालेल्या मालावर. तस्कर जकातनाक्यावर पावती फाडीत नाही. खेळणी, कपडे, सुटे भाग यांवरील हा कर आयातदार भरतो आणि किमतीत चढवून श्रमिकांच्या खिशातून काढतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॅनडाच्या सीमेवर अवघे २० किलोंच्या आसपास फेंटानिल पकडले गेले, मेक्सिकोच्या सीमेवर ९,००० किलोंहून अधिक. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडाच्या व्यापारकराराबाहेरील मालावरची जकात ३५ टक्के झाली!

मग मूळ कोठे आहे? १९९६ साली पर्ड्यू फार्मा या अमेरिकी कंपनीने ऑक्सिकाँटिन हे वेदनाशामक बाजारात आणले. त्याच्या व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा या समूहातील कंपनीने २००७ साली कबूल केला. दंड भरला गेला. विक्री चालूच राहिली. पुढे गोळ्या दुर्मिळ होताच व्यसनात सापडलेली माणसे हेरॉइनकडे व नंतर फेंटानिलकडे ढकलली गेली. वेस्ट व्हर्जिनिया व ओहायोतील खाणी-कारखाने बंद पडलेल्या कामगार वस्त्यांनी याची जबर किंमत मोजली.

२०२४ साली मृत्यू सुमारे ८०,००० वर उतरले, म्हणजे या जकातीच्या आधीच. उपचारांचा विस्तार आणि नॅलोक्सोन हे प्राणरक्षक औषध डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळू लागणे यांचा त्यात वाटा मानला जातो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने ही जकात बेकायदा ठरवताना म्हटले की, ती तस्करीचा मुकाबला करीत नाही, इतर देशांवर केवळ दबाव आणते. नोव्हेंबरमध्ये सोयाबीन व दुर्मिळ खनिजांच्या सौद्यात चीनवरील हीच जकात निम्मी झाली. विषाच्या नावाने उभारलेले हत्यार बाजाराच्या घासाघिशीत वापरले गेले.

कॉम्रेड्स, व्यसनग्रस्ताला उपचार, औषध मक्तेदारांवर लोकांचे नियंत्रण आणि घातक रसायनांवर राष्ट्राराष्ट्रांचे समान पातळीवरील सहकार्य, हाच मार्ग आहे. ओहायोच्या कामगाराचा शत्रू चीनच्या कारखान्यातील कामगार नव्हे. दोघांनाही हे ओळखता आले पाहिजे.