गाठीतला मजकूर

तंबाखूची चिमूट गालात धरून शेतावर निघालेली माणसे आपल्या नेहमीच्या पाहण्यातली. त्यांतल्या काहींच्या तोंडात पुढे बरी न होणारी जखम होते, गाठ येते. ‘नशीब!’ म्हणून आपण मोकळे होतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी मात्र कोणत्या समाजाची सवय कोणती आणि त्याला कर्करोग होतो तो नेमका कुठे, याचा ताळा घेतला. १९४५ साली त्यांनी त्यावर लिहिलेही.

पण तंबाखू पेशीत बिघडवते काय? त्यासाठी पेशीतला मजकूरच वाचावा लागतो. सुमारे तीनशे कोटी अक्षरांची ही पोथी. जनुक म्हणजे तिच्यातला एकेक उतारा. एका पेशीच्या दोन होताना पोथीची नक्कल होते, तीत एखादे अक्षर चुकते. तंबाखूतल्या विषांनी चुका वाढतात. हेच उत्परिवर्तन.

सातबाऱ्यात खाडाखोडीचा संशय आला तर आपण जुना उतारा काढून शेजारी ठेवतो ना? तसेच इथे. रोग्याच्या गाठीचा तुकडा घ्यायचा, त्याचेच रक्त घ्यायचे, दोन्ही यंत्राने वाचायचे. गाठीत आहे आणि रक्तात नाही, तो बदल मागाहून झालेला. दुसऱ्याचे रक्त चालत नाही हो. माणसामाणसांत लाखो अक्षरांचा फरक असतोच.

आमच्या डोंबिवलीपासून फार दूर नसलेल्या खारघरला टाटा स्मारक केंद्राची संशोधनशाळा आहे. ती आणि कल्याणीची (आपले कल्याण नव्हे, बंगालमधले कल्याणी!) एक संस्था यांनी गाल व हिरडीच्या कर्करोगाचे असे वाचन केले, ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. आधी पन्नास रोगी घेतले. गाठीत बदल पुष्कळ सापडतात, पण बहुतेक नुसते गाडीतले उतारू. गाडी हाकणारा कोण? एकच जनुक रोग्यामागून रोग्यात बिघडलेले दिसले, की संशय त्याच्यावर. त्यातही लांबलचक जनुकात चुका आपोआपच जास्त पडतात, तेवढी वजावट करावी लागते. मग निराळ्या साठ रोग्यांत पुन्हा ताडून पाहिले. बिघडलेल्या पेशीला आवर घालणारे टीपी५३ हे ओळखीचे जनुक सापडलेच. शिवाय यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी नवी नावेही पुढे आली.

“बापाला झाला, मग मुलालाही का?” असे लोक विचारतात. तंबाखूने गालात झालेला बदल गालातच राहतो, मुलाकडे जात नाही. स्तनाच्या कर्करोगात मात्र काही घराण्यांत बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकांतला दोष जन्मापासून रक्तातही असतो. तिथे रोग्याबरोबर बहीण, मुलगी यांचेही रक्त तपासून घेण्याचा सल्ला देतात.