गंगाबाईंचे बाळंतपण आणि लोकवार्ता



आपल्या शहरातील बीबीचा मकबरा पाहावयास येणारा पाहुणा ताजमहालाशी त्याची तुलना करून मोकळा होतो. पण ती बेगम, दिलरस बानू, १६५७ साली शाहजादा अकबराच्या जन्मानंतर महिनाभरातच वारली, हे विचारतो कोण? राजस्त्रीचे बाळंतपण हा तिचा खाजगी प्रश्न कधीच नसतो. त्यातून पुण्यातील गंगाबाईंइतका छळ क्वचितच कोणाच्या वाट्यास आला असेल.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे वय अवघे अठरा. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. झाले! पेशवाईची गादी एका विधवेच्या प्रकृतीवर टांगली गेली. मुलगा झाला तर रघुनाथरावांचा हक्क संपणार. मुलगी झाली किंवा गर्भ टिकला नाही तर बारभाईंचा डाव फसणार. म्हणून कारभाऱ्यांनी १७७४ च्या आरंभी त्यांना पुरंदरावर नेले. सोबत सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई होत्या. इतर गरोदर स्त्रियाही गडावर नेल्या आहेत, वेळ पडल्यास मूल बदलता यावे म्हणून, अशी वदंता उठली.

१८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र झाला. हेच सवाई माधवराव. आता हिशेब करा. पित्याच्या मृत्यूपासून हे दिवस भरतात २३१, म्हणजे साडेसात महिन्यांच्या आसपास. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणाला काही अडचण नाही. तारखेवर बोट ठेवता येईना, तेव्हा संशय धरायला उरले ते बदललेले मूल! आणि तो संशय रघुनाथरावांच्या सोयीचा होता. मूल खोटे ठरले की त्यांचा दावा खरा. मुंबईकर इंग्रजांनी ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस त्यांच्याशी तह केला, तोही मुलाच्या जन्मानंतरच. पुढे १७७६ च्या पुरंदरच्या तहात मात्र इंग्रजांना बारभाईंशी बोलणे करावे लागले.

गडावर त्या स्त्रीला काय वाटले, दुखले काय, झोप लागली काय, याची विचारपूस या साऱ्या गलबल्यात दिसत नाही. विचार होता तो गर्भाचा. आणि माझ्या मते कारभाऱ्यांनीही तेच केले. त्यांचा हेतू चांगला होता एवढाच फरक.

१७७७ मध्ये गंगाबाई वारल्या. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. या मृत्यूवरही कुजबुज झाली, नाना फडणिसांचे नाव त्यात गोवले गेले, आणि ती कुजबुज इतिहासाच्या पुस्तकांपर्यंत जाऊन बसली.