पाटी भिंतीवर, बाई पथारीवर

(रनाळे येथील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे 'महिलांचे प्रश्न' असं छापलंय. वेळ दिलीय जेवणानंतरची. सकाळच्या ताज्या डोक्यानं तुम्ही क्रांती ऐकली, खाजगीकरण ऐकलं. आता डुलक्यांच्या टायमाला महिला. असू द्या. पण मी ज्यावर बोलणार आहे, तो कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ, हा महिलांचा प्रश्न नाही. महिलांना त्याचा त्रास आहे. प्रश्न ज्यांचा आहे ते इथं पहिल्या चार रांगांत बसलेत. पुढच्या वेळी पत्रकात त्यांचं नाव छापा.

मी इथलीच, रनाळ्याची. मुंबई-पुण्याच्या पोरांनी काल विचारलं, इथं पाहण्यासारखं काय आहे? नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या आहेत. त्यांचे फोटो पेपरात येतात, वरून काढलेले, लालभडक. फार सुंदर दिसतात. त्या फोटोत वाकलेल्या बायका ठिपक्याएवढ्या असतात. त्यातला एक ठिपका माझी माय होती.

देठ खुडून खुडून तिच्या बोटांची आग व्हायची. रात्री तेल चोळायची, तरी झोप नाही. शाळेला सुट्टी असली की मीही जायची सोबत. तिथं हजेरीची वही घेऊन एक माणूस फिरायचा. त्याच्या चावट बोलण्यावर जी हसली तिचा रोज पुरा. जिनं पदर आवळला तिचा अर्धा. एकदा त्यानं वजनाच्या काट्यापाशी एका बाईला सगळ्यांदेखत हात लावला आणि वर हसला. मी अकरा वर्षांची होते. डोळे फाडून बघत होते. मायनं माझं डोकं धरून खाली दाबलं. म्हणाली, "खाले देख, माय. रोज बुडी."

दोस्तहो, हे माझं पहिलं ट्रेनिंग. हे ट्रेनिंग वस्तीतल्या प्रत्येक पोरीला मिळालेलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या. फी नाही, सर्टिफिकेट नाही, आणि आयुष्यभर विसरत नाही. म्हणून कुणी शहाणा मला म्हणतो ना, 'अहो, ट्रेनिंगबिनिंगनं काय होतंय?' तेव्हा मला हसू येतं. खाली बघण्याच्या ट्रेनिंगनं आमच्या माना मोडल्या. मग वर बघण्याचं ट्रेनिंग का चालणार नाही?

पुढं मी शिकले, शहरात गेले, एका ऑफिसात कंत्राटी म्हणून लागले. ऑफिसचं नाव सांगणार नाही. असल्या चौकशीतली नावं उघड करायला कायद्यानंच बंदी आहे, आणि मलाही नावाशी देणंघेणं नाही. साहेब संध्याकाळी फाइल घेऊन थांबवायचा. आधी खुर्चीच्या पाठीवर हात, मग माझ्या पाठीवर. एकदा मी हात झटकला तर म्हणाला, "एवढं काय? तुमच्या वस्तीत तर हे चालतंच." एका वाक्यात त्यानं माझं अंग आणि माझी जात दोन्ही चिवडली. मी काय केलं? खाली बघितलं. कंत्राट अकरा महिन्यांचं होतं. रोज बुडी.

पाच महिने असे गेले. मग एके दिवशी नोटीस लागली: सर्व महिला कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षणाला हजर राहावे. सव्वा तासाचं प्रशिक्षण. पडद्यावर चित्रं, समोर बिस्किटं. मी मागं बसले होते. शिकवणारी बाई एका जागी म्हणाली, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, प्रकार पुन्हा पुन्हा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. आणि बाईला तेवढ्यात जमलं नसेल तर समिती कारण लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. मी टेबलाखाली बोटं मोजली. शेवटच्या घटनेला सव्वातीन महिने झाले होते. मुदत संपली असं मी धरून चालले असते. ती संपलेली नव्हती. ह्या एका वाक्यासाठी मी त्या बिस्किटांना माफ केलं.

तक्रार दिली. समितीनं ऐकून घेतलं. बाहेरची एक सभासद होती, कायद्यानं ती लागतेच. ती नसती तर आतल्यांनी चहा पाजून मिटवलं असतं. साहेबाची बढती रोखली. माझं कंत्राट पुढं वाढवलं नाही. दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगते. न्याय मिळाला का विचाराल तर अर्धा रोज मिळाला.

पण त्या सव्वा तासात 'जात' हा शब्द एकदाही आला नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला तिच्या मर्जीविरुद्ध लैंगिक हेतूनं हात लावणं, एवढंच काय, तसं बोलणं, तसे हावभाव करणं हा त्यात वेगळा गुन्हा आहे. हे मला कुणी सांगितलं नाही. आणि त्या दिवशी ऑफिसात झाडू मारणाऱ्या दोघी दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांना बोलावलंच नव्हतं, का तर त्या 'ठेकेदाराच्या'. कायदा काय म्हणतो? कायमची, हंगामी, रोजंदारीची, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, इतकंच नाही तर बिनपगारी काम करणारी, सगळ्या कर्मचारीच. म्हणजे कायद्यानं ज्या दोघींना आत घेतलं, त्यांना ट्रेनिंगनं बाहेर ठेवलं. बिस्किटांच्या बश्या उचलायला मात्र आत बोलावलं.

आता हा कायदा आला कुठून, तेही ऐका. हा दिल्लीतल्या कुणा दयाळू मंत्र्याला स्वप्नात पडला नाही. राजस्थानात भटेरी नावाचं गाव आहे. तिथली भंवरीदेवी, कुंभार जातीची, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन. सरकारनं सांगितलं बालविवाह थांबव, म्हणून ती एका तान्ह्या पोरीचं लग्न थांबवायला गेली. २२ सप्टेंबर १९९२ ला गावातल्या वरचढ जातीच्या पुरुषांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५ ला सत्र न्यायालयानं त्यांना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवतील कसे, असा तिथला तर्क. विहिरीवर शिवाशीव, चुलीपाशी शिवाशीव, पण ह्या कामाला कधी शिवाशीव आड आलीय का? गावकुसाबाहेरची कुठलीही म्हातारी त्या न्यायाधीशाला दोन मिनिटांत समजावून देईल.

भंवरीदेवीवर सरकारचं काम केल्यामुळं अत्याचार झाला, तर मालक कोण? सरकार. मालकाची जबाबदारी काय? हा सवाल घेऊन महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल लागला. मग पंधरा वर्षं तो निकाल कागदावर. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले आणि त्यांच्या सोबतच्या बायका अंमलबजावणीसाठी भांडत राहिल्या, त्यावर २०१२ ला कोर्टानं पुन्हा आदेश काढले. कायदा झाला २०१३ साली, ९ डिसेंबरपासून लागू. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती. अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बाया. मालकानं भिंतीवर पाटी लावायची, वेळोवेळी शिबिरं घ्यायची, समितीलाही शिकवायचं. नाही केलं तर पन्नास हजारांपर्यंत दंड. ट्रेनिंग ही मालकाची मेहरबानी नाही, कलम १९ मधलं त्याचं कर्तव्य आहे.

समितीला शिकवलं नाही तर काय होतं, त्याचा नमुना गोव्यात आहे. तिथल्या विद्यापीठात २००९ साली विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रार केली. समितीनं घाईघाईत बैठका उरकल्या, त्याला नोकरीवरून काढलं. तो कोर्टात गेला. १२ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बाजू मांडायला पुरती संधी दिली नाही, चौकशी पुन्हा करा. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पानावर! त्या पोरींचं तोवर वय काय झालं असेल? त्याच निकालात कोर्टानं सदस्यांच्या प्रशिक्षणाचे आदेश दिले. समितीवरची माणसं नुसती चांगली असून भागत नाही, त्यांना चौकशी करता आली पाहिजे.

आता तुमच्यातला एक सवाल. काल रात्री शेकोटीपाशी दोघं-तिघं बोलत होते, मी ऐकलं. "बाया खोट्या केसेस टाकतात, आजकाल बोलायची पण चोरी." हे वाक्य तुम्ही आधी कुठं ऐकलंय? आठवा. २० मार्च २०१८. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. कारण काय दिलं होतं? गैरवापर. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली, तेव्हा ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि २०१९ ला कोर्टानं आपलेच निर्देश मागं घेतले. 'हे लोक खोट्या केसेस टाकतात' हे वाक्य आपल्या तोंडावर मारलं गेलं तेव्हा तुम्ही रस्त्यावर होता. आता तेच वाक्य उचलून तुम्ही आमच्या तोंडावर मारता? जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूद कायद्यात आहे. पण पुरावा देता आला नाही एवढ्यानं तक्रार खोटी ठरत नाही, हेही तिथंच लिहिलंय. वाचा जरा. कायदा वाचायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलंय.

आणखी एक, जरा जास्त जवळचं. १९७२ साली परभणीच्या ब्राह्मणगावात पाण्यासाठी गेलेल्या दोन दलित बायांची विटंबना झाली. त्या संतापातून एक अख्खी पिढी लिहायला, लढायला उठली. तो संताप आपला वारसा आहे. पण हात आपल्यातलाच असला की हा संताप कुठं जातो? आंदोलनाच्या टेम्पोत, रात्रीच्या पोस्टर चिकटवण्याला, बैठकीच्या खोलीत माझ्या मैत्रिणींना काय काय सोसावं लागलं ते मला माहीत आहे. त्यांना सांगितलं गेलं, चळवळ फुटेल, शत्रूच्या हाती कोलीत देऊ नको. मायनं रोजासाठी खाली बघायला लावलं, तुम्ही समाजासाठी लावता. मायची तरी मजबुरी होती. बिनपगारी काम करणारीही कर्मचारी असं मी मघाशी म्हटलं, ते उगाच नाही म्हटलं. संस्था, ट्रस्ट सगळं त्या कायद्यात येतं. संघटनेला समिती हवी, आणि शिबिराच्या पहिल्या सकाळी हा विषय हवा. जेवणानंतर नको.

शिबिर हा शब्द आपलाच आहे ना? आपल्याच जिल्ह्यात शहाद्याला १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींच्या मागं भिल्ल मजूर उठले. बायांची शिबिरं झाली. पहिल्यांदा बाया एकमेकींसमोर बोलल्या, दारूनं घरात काय होतं ते बोलल्या, आणि मग गावोगावचे गुत्ते फोडले. त्यांना कुणी पडदा दाखवला नव्हता. एकीनं सांगितलं, दुसरी म्हणाली माझंही तसंच. मला विचाराल तर खरं ट्रेनिंग हे.

राहिली पथारी. तिथं कुठली समिती? ऊस तोडायला कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या बायांना कुठली? दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारीला? त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर तिथं जायचं. तीवर अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी किंवा अल्पसंख्य समाजातली निदान एक बाई असलीच पाहिजे, असं कलम ७ सांगतं. तालुक्याला नोडल अधिकारी, त्यानं आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडं पाठवायची. मायला हे माहीत असतं तर तिनं माझं डोकं दाबलं असतं का? सांगता येत नाही. कदाचित दाबलंच असतं. पण तिच्या हातात दुसरं काहीतरी असतं.

मी चार कागद लिहून आणलेत, मोठ्या अक्षरात. लिहिता न येणाऱ्या बाईची तक्रार लिहून घेण्यात समितीनं मदत करायची असते, तेही त्यात आहे. एका कागदावर तीन जागा कोऱ्या ठेवल्यात: स्थानिक समितीच्या अध्यक्षांचं नाव, आपल्यातली सभासद कोण, तालुक्याचा नोडल अधिकारी कोण. उद्या सोमवार आहे. कचेरी उघडायच्या वेळेला नंदुरबारला जाऊन ही नावं विचारून घ्यायची, आणि तिथून सरळ पथारीवर जायचं, बायांची जेवायची सुट्टी धरून. पोरींनी बायांशी बोलायचं. पोरांनी हजेरीच्या वहीवाल्याशी.

कागद पहिल्या रांगेपासून फिरवते. कोण कोण येतंय, नाव लिहा.