रिटायर्ड झाला की केला?



युनियनवाल्याने इंग्रजी व्याकरणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमचे इंग्रजी शाळेत झाले नाही; ते नोटिसा आणि करारपत्रे वाचता वाचता झाले. तेथे एकेका शब्दावर एकेका घराची चूल अवलंबून असते. म्हणून विशेषण कोणते आणि भूतकालवाचक धातुसाधित कोणते, हे आम्हांला पारखून घ्यावे लागले.

'ओपन' म्हणजे उघडे, हे विशेषण. 'ओपन्ड' म्हणजे कोणीतरी उघडलेले, हे धातुसाधित. दुकान उघडे आहे, असे सांगायचे तर 'ओपन' हवे. मात्र दुकान बंद असेल तर 'क्लोज' चालत नाही, 'क्लोज्ड' लागते. (आपल्याकडच्या पाट्यांवर सर्रास 'क्लोज' असते. गिऱ्हाईक तेवढ्यावरही मुकाट्याने परत जाते, हा भाग निराळा.) पण हा 'क्लोज्ड' दुतोंडी आहे. फाटक बंद आहे, ही स्थितीही त्यात मावते आणि फाटक बंद केले गेले, ही कृतीही मावते. कृती म्हटली की कर्ता आला, आणि नोटिशीत नेमका तोच सापडत नाही.

आपला घोटाळा होतो तो मराठीतल्या 'आहे'मुळे. 'तो वारला आहे' हे आपण 'ही इज डाइड' असे करतो. इंग्रजीत एक तर 'ही इज डेड' किंवा 'ही हॅज डाइड'. यंत्रात सापडलेल्या माणसाविषयी अहवालात 'डेड' लिहिले की नुसते प्रेत दिसते. 'किल्ड' लिहिले की कशाने, हा प्रश्न उभा राहतो.

सर्वांत फसवा शब्द 'रिटायर्ड'. 'ही इज रिटायर्ड', म्हणजे तो निवृत्त आहे. 'ही हॅज रिटायर्ड', म्हणजे तो निवृत्त झाला. 'ही वॉज रिटायर्ड', म्हणजे त्याला निवृत्त केले! तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत आणि रूप एकच आहे. बदलते ते मागचे इवलेसे क्रियापद. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगारकपातीची भरपाई ठरवली ती सलग नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार अशी; पण स्वेच्छेची निवृत्ती त्याने कपातीतून वगळली. 2020 च्या संहितेनेही ती वगळलेलीच ठेवली आहे. तेव्हा वीस वर्षांच्या नोकरीनंतर ज्याला घरी बसवले, त्याच्या कागदावर नुसते 'रिटायर्ड' असले, तर तीनशे दिवसांच्या पगाराचा वाद त्या एका शब्दापाशी येऊन थांबतो.

असा कागद आला की आम्ही सही करू देत नाही. त्या शब्दापुढे पेन्सिलीने 'बाय हूम?' एवढे लिहितो आणि कागद आला तसा परत पाठवतो.