नरनाळ्याचं पाणी



पत्रिकेवर माझा विषय ‘अकोला जिल्हा : भूगोल आणि वारसा’ असा छापला आहे. मी बोलणार आहे नरनाळा गडावरच्या पाण्याबद्दल. (हशा) हसा, पण भूगोल आणि वारसा दोन्ही त्या पाण्यातच आहेत.

बहमनी, इमादशाही, मोगल, नागपूरकर भोसले हा गडावरच्या सत्तांचा क्रम तुम्हाला पाठ आहे. महाकाली दरवाजापुढे फोटो काढला नाही असाही इथे कोणी नसेल. ती कमळं, ती अक्षरं, सगळं देखणंच आहे. पण दरवाजा ओलांडून शक्कर तलावापर्यंत किती जण गेलात? हात वर करा. चार... पाच. बघा!

जुन्या गॅझेटिअरात गडावरची तळी नोंदली आहेत. पाणी वाहून नेणाऱ्या दगडी नाल्यांच्या खुणा आहेत. एके ठिकाणी तर टाक्यांवर दगडी ओटा बांधून पाणी काढायला वर फक्त तोंडं ठेवली आहेत. ही अक्कल तोफेपेक्षा मोठी, असं माझं ठाम मत आहे.

आता गड उतरा. पायथ्याशी सातपुड्याने आणून टाकलेले गोटे आणि वाळू. त्यात पाऊस मुरतो, पाणी गोडं राहतं, म्हणून अकोटकडे केळी, संत्री, बारी समाजाचे पानमळे, पानपिंपरी. तिथून पूर्णा नदीकडे सरका. शेकडो फूट गाळ, चिकण माती, निचरा नाही, त्यामुळे क्षार जिथल्या तिथे साचले. विहिरीला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. हा आपला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतला.

माझ्या आईचं माहेर पायथ्याशी आणि सासर खारपाणात. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे इथल्या बायांना सांगायला नको. आई माहेराहून परतताना एसटीत मांडीवर कळशी घेऊन बसायची, तोंडाला फडकं बांधून. ताईला पाहायला पाहुणे आले तेव्हा त्याच पाण्यात वरण शिजलं. पाहुण्यांतल्या आजीने विचारलं, “वरन इतकं चांगलं घोटलं वं, पानी कोठचं?” आई म्हणाली, “माह्या माहेरचं.” आजी जेवण अर्धं टाकून आत गेल्या, कळशीतलं उरलेलं पाणी भांड्यात घेतलं आणि उभ्याउभ्याच प्यायल्या. त्यांचंही गाव खारपाणातलंच. लग्न जमलं. आईने रुखवतात इतर भांड्यांबरोबर ती कळशी मांडली, भरून. मांडवातल्या बाया ती बघून गप्प झाल्या. मी दहा वर्षांचा होतो, मला तेव्हा काही कळलं नाही...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

मागून कोणी म्हणालं, “आता नळ आले!” आले, मान्य. 84 खेडी पाणीपुरवठा योजनेतून वान धरणाचं पाणी येतं. ते पाणीही सातपुड्याचंच आहे हो! डोंगराने झेलायचं आणि सपाटीने प्यायचं, हा व्यवहार तोच आहे.

शिलालेखांवर मी टिपणं काढली होती, ती आता राहू देतो. एकच मागणं आहे. नरनाळा अभयारण्यात येतो, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा तो भाग. वनखात्याची परवानगी काढून, पुरातत्त्वाचा जाणकार सोबत घेऊन, आधी नुसती तळी मोजू या: कोणतं भरतं, कोणतं गाळाने बुजलं, कोणत्या नाल्याचं तोंड ढासळलं. वही मी आणली आहे. जाताना दाराशी नाव लिहून जा.