चिठ्ठी नाही, पण ट्यूब द्या

आजचा विषय जरा खाजगी आहे. खाज-गी म्हणा हवं तर. आत्ताच हसून घ्या, पुढे फार हसू येणार नाही.

मी सांगलीत बीटेक करत होतो. होस्टेलच्या एका खोलीत चौघं, पावसाळ्यात जीन्स वाळायची नाही, तशीच ओलसर चढवायची. तिसऱ्या वर्षी जांघेत नायटा उठला. आता हे सांगणार कुणाला? गेलो मेडिकलमध्ये. काउंटरवर दोन बायका होत्या, त्या जाईपर्यंत उगाच टूथपेस्ट बघत उभा राहिलो. मग हळूच म्हटलं, "काका, खाजेवर काहीतरी द्या ना." काकांनी वर न बघता ट्यूब काढली. "लाव हे. दोन दिवसांत गायब."

आणि खरंच गायब! मी रूममेटलापण तीच ट्यूब सुचवली. पंधरा दिवसांनी नायटा परत आला, आधीपेक्षा मोठा. परत ट्यूब. असं चार-पाच महिने चाललं. शेवटी कराडला घरी आलो तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "ही कुणी लिहून दिली?" मी गप्प.

त्या ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध होतं, जंतूंवरचं होतं आणि क्लोबेटासॉल नावाचं जोरदार स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, कारण ते शरीराची प्रतिक्रियाच दाबतं. पण बुरशीशी लढत असते ती हीच प्रतिक्रिया! म्हणजे सर्व्हरचा अलर्ट म्यूट केला आणि सर्व्हर जळतोय तसाच. वर जांघेतली कातडी पातळ होते, रेघा पडतात. माझा नायटा गोळ्यांनी काही आठवड्यांत गेला. रेघा अजून आहेत. आणि हीच स्टेरॉइडची मलमं पोरं-पोरी गोरं व्हायला तोंडाला लावतात, ते तर विचारूच नका.

बरं, कायदा काय म्हणतो? डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी म्हणजे शेड्युल एच. त्यात बाहेरून लावायच्या औषधांना बरीच सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांनी ओरड केली, तेव्हा मार्च 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमांची ही सूट काढली. त्याआधी 1 मार्च 2014 पासून शेड्युल एच-वन आलं. त्यात जास्त ताकदीची काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, काही सवय लावणारी औषधं आहेत. ती विकताना दुकानदारानं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. कागदावर सगळं चोख आहे.

मग सगळ्या मेडिकलवाल्यांना धरून दंड करा, असं मी म्हणेन असं वाटलं असेल. नाही म्हणणार. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातून पेशंट येतात तिथं. पण त्याच सांगली जिल्ह्यात जतच्या टोकाला राहणाऱ्या माणसाचा मिरजेला यायचं म्हटलं तर अख्खा दिवस मोडतो. साताऱ्याकडे पाटणच्या डोंगरातल्या वाडीवर तेच. एसटीचं भाडं, डॉक्टरची फी आणि बुडालेली मजुरी, एवढं सगळं एका नायट्यासाठी? तो मेडिकलमध्येच जाणार. मीपण गेलो होतो, आणि माझ्या होस्टेलपासून तर दवाखाना चालत पाच मिनिटांवर होता. मला लाज वाटत होती, एवढंच.

म्हणून माझं मत असं: काउंटरवर काय मिळावं याची खरी यादी करा. आपल्या कायद्यात 'ओव्हर द काउंटर' असा वेगळा वर्गच नाही. जे चिठ्ठीच्या यादीत नाही ते आपोआप मोकळं. विचार करून मोकळं करता येतं, हे आपण केलेलं आहे. गर्भधारणा टाळायची इमर्जन्सी गोळी 2005 मध्ये चिठ्ठीतून सोडवली, कारण तिथं उशीर झाला की उपयोग कमी होतो. तसंच साधं, बिनस्टेरॉइडचं बुरशीचं मलम फार्मासिस्टनं बिनधास्त द्यावं, चार प्रश्न विचारून द्यावं. पण फार्मासिस्टनं! भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर भाचा, असं नको. स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय अजिबात नको. अँटिबायोटिक अर्धवट खाल्लं की जंतू निर्ढावतात, आणि ते जंतू फक्त खाणाऱ्याकडेच राहत नाहीत.

आणि हो, चिठ्ठी असली म्हणजे सुटलो असंही नाही. ही तीन-तीन औषधांची मिक्स ट्यूब लिहून देणारे डॉक्टरपण आहेत. त्यांच्यावर वेगळा एपिसोड करावा लागेल.

आज एक काम करा. घरातला औषधांचा डबा उघडा. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीचं. 2016 पासून सरकार या रेघेची जाहिरात करतंय. ट्यूब असेल तर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं एखादं नाव आहे का बघा. असेल तर ती कुणी दिली, डॉक्टरनं की काकांनी, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. नाव सांगू नका, ना तुमचं ना काकांचं. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

भेटू पुढच्या भागात.