तपासणी पत्रकातील नवा रकाना
(वार्षिक सभेतील प्रशासकीय मनोगत)



सन २०२२ च्या पावसाळ्यात मिठबावची एक माता तिसरीतील मुलाला घेऊन आमच्या नेत्र तपासणीस आली. मुलाला फळ्यावरचे वाचता येत नाही, अशी तिची तक्रार होती. अक्षरांच्या तक्त्यासमोर मूल गप्प राहिले. चित्रांचा तक्ता लावताच मात्र त्याने बारीक चित्रेही अचूक ओळखली. दृष्टी उत्तम होती. अक्षरओळखच झालेली नव्हती. "डोळे बरे आसत, तर मगे ह्यो वाचणा कित्याक नाय?" या प्रश्नावर आमच्याकडे औषध नव्हते.

कारण उघड होते. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग भरविण्यास १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही काळ बंद राहिले. जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेल्या या मुलाने पहिलीचा वर्ग पाहिलाच नव्हता. दूरदर्शनवर 'टिलीमिली' मालिका होती, भ्रमणध्वनीवर पाठ येत. पण घरातील एकमेव फोन वडील होडीवर नेत. त्यातच मे २०२१ च्या तौक्ते वादळाने किनाऱ्यावरील वीज व संपर्क तोडला. हे दुखणे एका घरचे नव्हते. 'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली.

शाळा बंद ठेवण्यामागील हेतू जीव वाचविण्याचाच होता. परंतु वर्गांबरोबर माध्यान्ह भोजनाची पंगत आणि शाळेतील आरोग्य तपासणीही थांबली. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. त्या काळात खाटा, प्राणवायू व औषधे यांचा हिशेब आम्ही चोख ठेवला. मुलांची ही तूट मात्र आमच्या ताळेबंदात कोठेच नव्हती, हे प्रांजळपणे कबूल करतो.

त्यानंतर बालरुग्णांच्या तपासणी पत्रकात वजन, उंची व दृष्टी यांच्याखाली आम्ही 'वाचन' हा रकाना जोडला. मूल अडखळल्यास पालकांच्या संमतीने वर्गशिक्षकांना चिठ्ठी जाते. साथीच्या वर्षी पहिलीत गेलेली मुले आज उच्च प्राथमिक वर्गांत आहेत. इयत्ता दरवर्षी पुढे सरकते. सुटलेली अक्षरे आपोआप भरून येत नाहीत. म्हणून यंदा आम्ही यंत्रसामग्रीसाठी हात पसरत नाही. आपल्यापैकी जे निवृत्त शिक्षक असतील, त्यांच्याकडे आठवड्यातील एक सायंकाळ मागतो. बसण्यास रुग्णालयाची पडवी आहे.